आधी उष्णता की आधी रचना?

रेल्वेच्या रुळाचा वरचा भाग आडवा कापला, घासून आरशासारखा चकचकीत केला आणि अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल मिसळलेल्या द्रावणात, म्हणजे धातुशाळेतल्या नेहमीच्या नायटलमध्ये, काही सेकंद बुडवला की सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची घडण उघडी पडते. फेराइट आणि सिमेंटाइट यांचे एकाआड एक बारीक थर दिसतात. हे पर्लाइट, आणि आम्लाने ते करडे पडलेले असते. पण बरीच वर्षे चाकांखाली राहिलेल्या रुळात पृष्ठभागाला अगदी लागून कधी कधी एक पट्टी अशी सापडते की तिला आम्ल जणू शिवतच नाही. आजूबाजूचे सारे करडे होते, ती पांढरी राहते. जाडी काही मायक्रोमीटरपासून शंभरेक मायक्रोमीटरपर्यंत. खालच्या पोलादाचा टणकपणा विकर्स मापावर 300च्या आसपास असेल, तर या पट्टीचा 700 ते 1000 भरतो. ही कठीण पण ठिसूळ पट्टी आणि तिच्याखालचे चिवट पोलाद यांचे जमत नाही. दोघांच्या सीमेवर तडा जन्मतो आणि तो आत उतरला तर रूळच बदलावा लागतो. बंदुकीच्या गोळीने भोक पडलेल्या चिलखती पत्र्यात, घणाखाली चुकीच्या वेगाने ठोकलेल्या कांबीत आणि टायटॅनियमच्या कातकामात निघणाऱ्या करवतीच्या दात्यांसारख्या चिपमध्ये हिचीच भावंडे सापडतात. धातू झटक्यात वाकवला, दाबला, कातला की त्याच्या आत काय घडते, या प्रश्नाची दीडशे वर्षांची चर्चा अशा पट्ट्यांभोवती फिरत आली आहे. या चर्चेत उष्णतेला फार काळ पहिला मान मिळाला आणि धातूच्या आधीच्या रचनेला मिळायला हवा तेवढा मिळाला नाही, असे माझे मत आहे. का, ते पुढे मांडतो.

बडोद्याला या प्रश्नाशी जवळचे नाते आहे. गायकवाडांच्या राज्यात 1862 मध्ये डभोई ते मियागाम हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला तेव्हा गाड्या बैल ओढत असत, कारण त्या हलक्या रुळांना इंजिनाचा भार पेलत नव्हता. मार्ग 1873 मध्ये मजबूत केला, पण नेहमीसाठी इंजिने धावू लागली ती 1880 मध्ये. आज मुंबई आणि अहमदाबाद यांच्यामधल्या वेगवान रेल्वेचे एक स्थानक बडोद्यात होत आहे आणि त्या मार्गावर गाड्या ताशी 320 किलोमीटर वेगाने धावाव्यात अशी योजना आहे. हा वेग रुळाच्या पृष्ठभागाच्या भाषेत मांडून पाहू. चाक आणि रूळ यांचा स्पर्श जेमतेम बारा-तेरा मिलिमीटर लांबीचा असतो. ताशी 320 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 89 मीटर. तेव्हा रुळावरच्या एखाद्या बिंदूवरून तो स्पर्श सेकंदाच्या सात हजाराव्या भागात निघून जातो. तेवढ्यात पृष्ठभागाच्या पातळ थराला नुसती एक टक्का विकृती झाली, तरी विकृतीचा वेग दर सेकंदाला सत्तरच्या घरात जातो. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ताणचाचणीत हाच वेग दर सेकंदाला एक सहस्रांश असतो, म्हणजे दहा टक्के ताणायला शंभर सेकंद. मधे जवळजवळ पाच शून्यांचे अंतर आहे. रूळ विकत घेताना जे प्रमाणपत्र हाती येते, ते या संथ चाचणीचे असते.

एवढे अंतर ओलांडून मोजमाप कसे करायचे, याचे उत्तर इंग्लंडमध्ये बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी 1914 मध्ये शोधायला सुरुवात केली आणि हर्बर्ट कोल्स्की यांनी 1949 मध्ये त्याला आजचे रूप दिले. दोन लांब पोलादी दांड्यांच्या मधे धातूची छोटी चकती धरायची आणि एका दांडीवर आघात करायचा. लहर चकतीत शिरते, काही परत फिरते, काही पलीकडच्या दांडीत जाते. दांड्यांवर चिकटवलेले मापक या लहरी नोंदवतात. सगळा खेळ शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांत आटोपतो आणि दर सेकंदाला शेकड्यापासून दहा हजारांपर्यंतचे विकृतिवेग हाती येतात. या यंत्राने पहिली गोष्ट दाखवली ती अशी, की बहुतेक धातू वेगात जास्त बळकट भासतात. धातू वाकतो तो त्याच्या स्फटिकांमधल्या रेषादोषांच्या, म्हणजे डिस्लोकेशनच्या सरकण्याने. वाटेतले अडथळे ओलांडायला या रेषांना अणूंच्या उष्ण थरथरीची मदत होते, आणि ती मदत मिळायला वेळ लागतो. वेळ कमी दिला की तेवढीच वाट काढायला बाहेरून जास्त बळ लागते. इथपर्यंत कोणाचा वाद नाही.

वाद सुरू होतो दर सेकंदाला हजारच्या पुढे. तांब्यासारख्या धातूत तिथून बळाचा आलेख एकदम वर वळतो. बराच काळ याचा अर्थ असा लावला गेला की तिथे यंत्रणाच बदलते. डिस्लोकेशन इतकी वेगात धावतात की स्फटिकाच्या कंपनांचा प्रतिरोध त्यांना आडवा येतो. 1988 मध्ये अमेरिकेत फॉलन्सबी आणि कॉक्स यांनी हे तपासायला एक सोपी पण जिद्दीची पद्धत वापरली. तांब्याचे नमुने वेगवेगळ्या वेगांनी सारख्याच विकृतीपर्यंत दाबायचे, तिथे थांबवायचे, आणि मग थंड करून हळू दाबत नव्याने तपासायचे, म्हणजे आत मागे काय साठले आहे ते कळते. निष्पन्न झाले ते असे, की वेगात दाबलेल्या तांब्यात सारख्या विकृतीला डिस्लोकेशनची गर्दीच जास्त होती. आलेखाचे वळण त्या क्षणीच्या प्रतिरोधामुळे आले नव्हते. वेगात दाबताना आतली रचना वेगळ्या दराने घडत गेली, म्हणून ते आले होते. या प्रयोगाला मी या साऱ्या क्षेत्रातला मैलाचा दगड मानतो, कारण वेगाचा परिणाम शोधायचा तर आधी रचनेचा इतिहास मोजावा लागतो, हे त्याने आकड्यांत दाखवले.

रचनेवर वेगाचा शिक्का किती खोल उमटतो, याचे ठसठशीत उदाहरण रेल्वेतच आहे. दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथली क्रॉसिंग भारतीय रेल्वेवर मुख्यतः ओतीव मँगेनीज पोलादाची असतात, कर्मचाऱ्यांच्या तोंडी सीएमएस. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 1882 मध्ये शोधलेल्या या पोलादात बारा-तेरा टक्के मँगेनीज असते. ते मुळात मऊ असते आणि मार खाऊन कठीण होते. चाकांचा मार खात बसू द्यायचे, तर पहिल्या काही महिन्यांत क्रॉसिंग चेपते. म्हणून काही देशांत बसवण्याआधीच त्यावर स्फोटकाचा पातळ पत्रा पसरून तो उडवतात. आघातलहर काही मायक्रोसेकंदांत आत उतरते, मोजमापे जवळजवळ तशीच राहतात, आणि ब्रिनेल मापावर दोनशेच्या आसपासचा पृष्ठभाग तीनशेच्या वर जातो. आत पाहिले तर डिस्लोकेशनचे दाट जाळे आणि ट्विनचे, म्हणजे स्फटिकाच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या वळलेल्या भागांचे, अरुंद पट्टे. घसरायला वेळ न मिळालेला स्फटिक असा मार्ग काढतो. लोखंडी उल्कांमध्ये योहान नॉयमान यांनी 1848 मध्ये पाहिलेल्या समांतर रेषाही अशाच आघाताच्या खुणा आहेत. इथे वेग अफाट, पण पांढरी पट्टी नाही आणि धातू वितळण्याच्या जवळपासही गेलेला नाही. म्हणजे वेग आला की उष्णतेची पट्टी आलीच, हे समीकरण मुळातच अपुरे आहे.

तरीही उष्णतेचा सिद्धांत उगाच रुजला नाही. 1870च्या दशकात फ्रान्समध्ये आंरी त्रेस्का प्लॅटिनमची कांब घणाखाली ठोकत असताना प्रत्येक घावाला तिच्यावर तिरप्या प्रकाशमान रेषा उमटताना त्यांनी पाहिल्या. 1934 मध्ये टेलर आणि क्विनी यांनी मोजून दाखवले की धातू वाकवायला खर्च केलेल्या कामाचा फार मोठा हिस्सा उष्णता होतो आणि थोडाच स्फटिकाच्या दोषांत साठून राहतो. मग 1944 मध्ये झेनर आणि हॉलोमन यांनी धागा जुळवला: वेगात काम केले की उष्णतेला पळायला सवड मिळत नाही, तापलेला भाग मऊ होतो, मऊ भाग अधिक वाकतो, अधिक तापतो, आणि सारी विकृती एका अरुंद शिअर बँडमध्ये कोंडली जाते. पोलादात ही पट्टी पांढरी दिसली. तेव्हा ती तापून ऑस्टेनाइट झाली असेल आणि भोवतीच्या थंड धातूने विझवून तिचे मार्टेन्साइट केले असेल, असे म्हणणे सयुक्तिक होते. आकडेही पाठीशी आहेत. शंभर मायक्रोसेकंदांत उष्णता पोलादातून सुमारे 35 मायक्रोमीटर पसरते, टायटॅनियमच्या नेहमीच्या 6-4 मिश्रधातूत त्याच्या निम्मीच. पट्ट्यांची रुंदीही बरीचशी याच मापाची असते आणि टायटॅनियम त्या पट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. 1988 मध्ये मार्चंड आणि डफी यांनी पोलादी नळी वेगाने पिळताना पट्टीतले तापमान 590 अंशांपर्यंत गेल्याचे नोंदवले. एवढा पुरावा असल्यावर कोणी शंका का घ्यावी?

शंका घ्यायला तीन कारणे आहेत. पहिले निव्वळ हिशेबाचे. 1000 मेगापास्कल बळाचे पोलाद वीस टक्के दाबले आणि नव्वद टक्के कामाची उष्णता झाली असे धरले, तर तापमान वाढते ते जेमतेम 48 अंश. पट्टी उगवायच्या बेतात असताना धातू इतकाच तापलेला असतो. मार्चंड आणि डफी यांचे शेकडो अंश पट्टी पुरी दाटल्यानंतरचे आहेत. परिणामाचे तापमान कारणाच्या नावावर मांडले गेले, असे मला वाटते. 2019 मध्ये शिआनच्या संशोधकांनी टायटॅनियमवर वेगवान अवरक्त मोजणी आणि छायाचित्रण एकत्र केले, तेव्हा मोठी तापमानवाढ विकृती एकवटू लागल्यानंतर आलेली दिसली. दुसरे कारण इस्राएलच्या टेक्निऑनमधले. डॅनियल रिटेल आणि सहकाऱ्यांनी 6-4 टायटॅनियमच्या चाचण्या मध्येच थांबवून नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, तेव्हा निकामी होण्याच्या विकृतीच्या साधारण अर्ध्या वाटेवरच काही नॅनोमीटर मापाचे नवे कण जागोजागी दिसले. 2008 मध्ये त्यांनी मांडले की असे नवे, मऊ कणच पट्टीचे बीज असू शकतात, आणि त्यांना लागणारी ऊर्जा टेलर-क्विनींच्या हिशेबातल्या त्या दुर्लक्षित, साठून राहिलेल्या हिश्श्यातून येते. तिसरे कारण मला सर्वांत निर्णायक वाटते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये के. टी. रमेश आणि सहकाऱ्यांनी टंगस्टन आणि लोखंड घेतले. भरड कणांचे टंगस्टन वेगात दाबले तरी ते सहसा अशी पट्टी दाखवत नाही. तेच टंगस्टन अतिशय बारीक कणांचे केले की शिअर बँड उमटतात. रासायनिक घटक तेच, उष्णता वाहण्याचा गुण जवळपास तोच. बदलली ती रचना. आणि नॅनोकणांच्या लोखंडात तर पट्ट्या संथ चाचणीतही आल्या, जिथे उष्णतेला निघून जायला हवा तेवढा वेळ होता.

पट्टीच्या आतले कण कसे जन्मतात, यातही उष्णतेच्या सोप्या चित्राला धक्का बसला. नेहमीच्या पुनःस्फटिकीकरणात नवा कण उगवतो आणि त्याच्या सीमा अणूंच्या विसरणाने पुढे सरकतात. अँड्रादे, मायर्स, व्हेक्किओ आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेशी नाव जोडलेले अतुल चोक्षी यांनी 1994 मध्ये तांब्यातल्या वेगवान पट्ट्या अभ्यासल्या. त्या आणि पुढच्या कामांतून स्पष्ट होत गेले की काही मायक्रोसेकंदांत सीमा एवढ्या सरकणे शक्यच नाही. चित्र वेगळे आहे. डिस्लोकेशन भिंतींत गोळा होतात, लांबट कप्पे बनतात, कप्पे तुटतात आणि त्यांचे तुकडे जागच्या जागी वळत वळत तीस अंशांच्या आसपास फिरतात. 100 ते 200 नॅनोमीटरचे कण तयार होतात आणि थंडावताना मोठे व्हायला त्यांना वेळच उरत नाही. टँटलम, टायटॅनियम, तांबे, स्टेनलेस स्टील या सगळ्यांत हेच दिसते, ज्यांतल्या काहींत मार्टेन्साइटचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे पोलादातला पांढरा रंगही मार्टेन्साइटचा दाखला मानता येत नाही. सिमेंटाइट विरघळलेली, अतिशय बारीक कणांची कोणतीही रचना नायटलला असेच उत्तर देते.

उष्णतेच्या बाजूचे समर्थक यावर गप्प बसणार नाहीत आणि त्यांनी बसूही नये. त्यांचे सर्वांत सशक्त उत्तर असे: किती मऊ झाले हे महत्त्वाचे नाही, कठीण होण्याच्या दरापेक्षा मऊ होण्याचा दर जास्त आहे का, एवढेच पाहायचे. 6-4 टायटॅनियमसारख्या मिश्रधातूत काही टक्के विकृतीनंतर कठीण होणे जवळपास थांबते, मग शंभरेक अंशही तराजू झुकवायला पुरे. बारीक कणांच्या टंगस्टनचेही ते असेच स्पष्टीकरण देतात: बळ वाढले म्हणून उष्णता वाढली, आणि कठीण होण्याची क्षमता संपली. हे म्हणणे बरोबर आहे, आणि तेच माझ्या बाजूने जाते. कठीण होण्याची क्षमता संपते ती रचनेमुळेच. तराजूच्या एका पारड्यात उष्णता आहे हे मान्य. दुसऱ्या पारड्यात काय उरले आहे हे कणांच्या मापाने, आधीच्या घडाईने आणि आतल्या अशुद्ध कणांनी ठरते, आणि पट्टी कुठून सुरू होईल हेही तेच ठरवतात. उष्णतेचे काम मी पट्टी टिकवण्याचे आणि अरुंद ठेवण्याचे मानतो. उष्णता निघून गेली असती तर पट्टी कदाचित पसरली असती, पण पट्टीची जागा आधीच ठरलेली होती.

आता रुळाकडे परत यावे लागते, कारण माझ्या मांडणीला खरा अडथळा तिथेच आहे. रुळावरच्या पांढऱ्या थरात क्ष-किरणांनी शिल्लक राहिलेले ऑस्टेनाइट सापडले आहे, आणि ते पोलाद क्षणभर तरी सातशे अंशांच्या वर गेल्याशिवाय येत नाही. इंजिनाचे चाक निघताना घसरले, ब्रेक लागून चाक अडकले, तर घर्षणाने पृष्ठभाग तेवढा तापतो यात संशय नाही. अशा जागी थर सरळ उष्णतेचा आहे, हे मी मानतो. मात्र ही उष्णता बाहेरच्या घर्षणाची आहे; शिअर बँडमधल्या विकृतीच्या पोटच्या उष्णतेशी तिची गल्लत करू नये. शिवाय काही नमुन्यांत अणूगणिक मोजणी केली तेव्हा एक बोलका तपशील मिळाला. कार्बन सगळीकडे पसरला होता, पण मूळ सिमेंटाइटच्या थरांत जास्त असलेले मँगेनीज अजूनही त्याच ओळींत बसले होते. तापणे इतके क्षणिक होते की जड अणूंना जागा सोडता आली नाही. इतक्या थोड्या वेळात कार्बन पसरू शकला, कारण हजारो चाकांनी ते थर आधीच चेपून, ताणून एकमेकांजवळ आणले होते आणि त्याला कापायचे अंतर अगदी थोडे उरले होते. शेवटचा चटका उष्णतेचा असेल. त्याला तयार जमीन विकृतीने दिली होती. दुसऱ्या टोकाला काही थर असेही आहेत की ज्यांत ऑस्टेनाइटचा मागमूस नाही आणि खालच्या पर्लाइटपासून पट्टीपर्यंत थर हळूहळू बारीक होत गेलेले दिसतात.

हा वाद अभ्यासिकेतला वाटेल, पण कारखान्यात त्याची किंमत मोजावी लागते. मोटारीच्या टकरीपासून चिलखतापर्यंतच्या संगणकी हिशेबांत आजही जॉन्सन आणि कुक यांचे 1983 चे सूत्र सर्रास वापरतात. विकृती, तिचा वेग आणि तापमान दिले की ते बळ सांगते. धातू या स्थितीला कोणत्या वाटेने आला हे त्याला ठाऊक नसते. फॉलन्सबी आणि कॉक्स यांचा धडा तिथे गैरहजर आहे. त्या मानाने आपल्याकडे वाय. व्ही. आर. के. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकापासून बंगळूरला विकसित केलेले घडाईचे नकाशे अधिक प्रामाणिक वाटतात. कोणत्या तापमानाला कोणत्या वेगाने मिश्रधातू घडवला तर पट्ट्या पडतील, हे ते प्रत्यक्ष सूक्ष्मरचना पाहून सांगतात. त्यांच्या मागच्या गणितावर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते वजनदार आहेत. पण नकाशावरचा प्रत्येक धोक्याचा प्रदेश कापून, घासून पाहिलेल्या नमुन्यावर उभा आहे, हे त्यांचे बळ. बडोद्यात 28 ऑक्टोबर 2024 रोजी टाटा आणि एअरबस यांच्या सी-295 विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. 56 पैकी 40 विमाने इथे व्हायची आहेत. विमानउद्योग आला की टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचे छिद्रण आणि कातकाम आसपासच्या लघुउद्योगांकडे येते, आणि तिथे निघणारी दातेरी चिप प्रत्येक दात्यागणिक एका शिअर बँडची नोंद असते. ती भंगारात जाण्याआधी तिचा छेद पाहिला, तर हत्याराचा वेग ठरवायला तिच्याइतका स्वस्त साक्षीदार नाही.

यासाठी लागणारी माणसे आणि जागा या शहरात आहेत. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1890 मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उभे राहिले. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र त्याच्या भाषेत मिळावे, हा गज्जरांचा आग्रह होता. आज त्याच कलाभवनाच्या आवारात सयाजीराव विद्यापीठाचा धातुशास्त्र विभाग आहे आणि लालबागेत रेल्वेची उच्च शिक्षणसंस्था आहे. दोघांनी मिळून एक काम करावे. मुंबई, अहमदाबाद आणि दिल्लीकडच्या गाड्या जिथे वेगळ्या होतात त्या जंक्शनच्या परिसरातून बदलून काढलेले रूळ, त्यांच्यावरून किती टन भार गेला याच्या नोंदीसह घ्यावेत: एक निघण्याच्या चढाचा, एक मोकळ्या सरळ धावेचा, एक वळणाचा. वेगवेगळ्या वयाचे छेद शेजारी ठेवले की थर कोणत्या टप्प्यावर कसा सुरू झाला हे दिसेल. शेवटचा एकच छेद ते कधीच सांगू शकत नाही. मग उपायही वेगळे होतील. थर घसरणीच्या चटक्याने येत असेल, तर पैसा इंजिनांच्या घसरण-नियंत्रणावर खर्चावा. तो विकृती साठत साठत येत असेल, तर रूळ ठरावीक टनांनंतर, तडा दिसायची वाट न पाहता, यंत्राने घासून तो थर काढावा लागेल, आणि ताशी 320 किलोमीटरच्या मार्गावर ते वेळापत्रक पहिली गाडी धावण्याआधी ठरलेले असावे लागेल.